पत्ते वाटून झाल्यावर हुकूम बदलला

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी निम्मी एकाच विषयावर आहेत, ब्रिटनमधल्या 'सेटलमेंट'च्या, म्हणजे कायमचं राहायच्या हक्काच्या, नव्या नियमांवर. विषय मला जवळचा आहे, वीस वर्षांपूर्वी मी स्वतः यातून गेलेय, त्यामुळे उत्तरं नेहमीपेक्षा लांबली आहेत. बाकीच्यांची पत्रं पुढच्या वेळी नक्की घेईन, रागावू नका.

प्रश्न : ताई, मिस्टरांचा स्किल्ड वर्कर व्हिसा ३० मार्च २०२१ ला मंजूर झाला आणि तेवढ्यात कोरोनाची दुसरी लाट आली, भारत रेड लिस्टमध्ये गेला, त्यामुळे आम्ही इथे पोचलो २४ मे ला, तेही हीथ्रोजवळच्या हॉटेलात दहा दिवस कोंडून घेऊन, आणि त्या कोंडवाड्याचं बिल आम्हीच भरलं. पाच वर्षं झाली की आयएलआर (कायमचं राहायचा परवाना) मिळतो असं एचआरने सांगितलं होतं, सरकारी साइटवरही तेच होतं. आता म्हणतात एप्रिल २०२६ पासून पाचाची दहा वर्षं होणार, आणि आमची पाच वर्षं भरतायत मे मध्ये! एका महिन्यासाठी पाच वर्षं वाढणार का? मिस्टरांचा पगार ४४ हजार पौंड आहे, मी नर्सरीत पार्टटाइम आहे, वर्षाला नऊ हजार मिळतात. मुलगा आठ वर्षांचा आहे. रात्र रात्र झोप नाही.
– एक वाचक, रीडिंग

उत्तर : आधी कामाचं सांगते, कारण तुम्ही बहुतेक चुकीच्या तारखेपासून मोजताय. पाच वर्षं फक्त विमानातून उतरल्या दिवसापासूनच मोजावी लागतात असं नाहीये. व्हिसा मंजूर झाल्याच्या तारखेपासूनही मोजता येतात. मंजुरी आणि प्रवेश यांच्या मधले दिवस 'देशाबाहेर असलेले दिवस' म्हणून धरले जातात, आणि कुठल्याही बारा महिन्यांत बाहेरचे दिवस १८० च्या आत असले की झालं. तुमचे जेमतेम ५५ भरतात. त्याच वर्षात आणखी कुठे लांब गेला असाल तर ते यात मिळवा. म्हणजे तुमची पाच वर्षं मे मध्ये नाही, ३० मार्चला भरतात. शिवाय मुदत भरायच्या २८ दिवस आधी अर्ज करता येतो, म्हणजे २ मार्चपासून. ट्रंकेतून जुने पासपोर्ट काढा, व्हिसाच्या स्टिकरवरची तारीख आणि मंजुरीचा ईमेल दोन्ही बघा, आणि एखाद्या रजिस्टर्ड इमिग्रेशन सल्लागाराकडून हा हिशोब तपासून घ्या. आयएलआरसाठी लागणारी 'लाइफ इन द यूके' टेस्ट झाली नसेल तर आजच स्लॉट बुक करा. अर्जाची फी एप्रिल २०२५ च्या दराने माणशी ३,०२९ पौंड आहे, वर १,००० पौंड भरले तर सुपर प्रायॉरिटीमध्ये साधारण पुढच्याच कामाच्या दिवशी निकाल लागतो. महाग आहे, पण तुमच्या केसमध्ये मी ते पैसे वाचवणार नाही. का, ते पुढच्या पत्राच्या उत्तरात येईल.

आता एप्रिलपासून नक्की काय होणार? २० नोव्हेंबर २०२५ ला गृहमंत्री शबाना महमूद यांनी जो कागद मांडला तो प्रस्ताव होता, कायदा नव्हता. त्यावर १२ फेब्रुवारी २०२६ पर्यंत कुणालाही ऑनलाइन मत देता येत होतं, तुम्हालाही. प्रस्ताव असा की साधारण मुदत पाचाची दहा वर्षं. ज्यांची कमाई तीन वर्षं ५०,२७० पौंडांच्या वर आहे त्यांना पाच वर्षांची सूट, १,२५,१४० च्या वर असेल तर सात. इंग्रजी वरच्या लेव्हलचं असेल तर एक वर्ष. म्हणजे बँकेतला साहेब तीन वर्षांत पक्का आणि तुमचे ४४ हजारवाले मिस्टर दहा वर्षं लटकलेले. शिवाय किमान १२,५७० पौंडांची कमाई काही वर्षं दाखवायची अशीही अट आहे आणि जोडीदाराचा हिशोब वेगळा धरायचा म्हणतायत, म्हणजे मुलाला शाळेत सोडून-आणून नर्सरीत अर्धा दिवस काम करणारी बाई त्यांच्या लेखी 'योगदान' देतच नाही. हे वाचून मी चहाचा कप जरा जोरातच आपटला.

आणि यातली सगळ्यात टोचणारी गोष्ट म्हणजे हे नुसतं उद्या येणाऱ्यांसाठी नाही. आज जे इथे आहेत आणि ज्यांच्या हातात अजून आयएलआर नाही त्यांनाही लागू करायचं आहे. पैशात सांगायचं तर व्हिसासोबत भरावा लागणारा आरोग्य अधिभार मोठ्यांना वर्षाला १,०३५ आणि मुलांना ७७६ पौंड. तुमच्या तिघांचे पाच जादा वर्षांचे १४,२३० पौंड होतात, व्हिसाची फी वेगळीच. आणि तेवढी वर्षं नवरा त्या स्पॉन्सरच्या, म्हणजे ज्या कंपनीच्या नावावर व्हिसा आहे तिच्या, दावणीला बांधलेला, कारण नोकरी गेली तर नवा स्पॉन्सर शोधायला साधारण ६० दिवस मिळतात, नाहीतर चंबूगबाळं आवरा.

माझं सांगते. मी जानेवारी २००६ मध्ये आले ते 'हायली स्किल्ड मायग्रंट प्रोग्राम'वर, आमच्यात सगळे त्याला एचएसएमपी म्हणायचे. ही स्कीम २००२ ला सुरू झाली होती, नोकरी हातात नसली तरी चालायची, शिक्षण-अनुभव-कमाई यांचे पॉइंट भरले की या आणि इथे येऊन काम शोधा. पण एक गोष्ट लेखी मागायचे, की ब्रिटन हेच तुमचं मुख्य घर करायचा तुमचा इरादा आहे असं लिहून द्या. मी दिलं. कोथरूडचा वनबीएचके विकून दिलं, कारण मुख्य घर इकडे म्हटल्यावर तिकडे कशाला ठेवायचा, असा आमचा सरळ विचार. आधी वर्षाचा व्हिसा, मग तीन वर्षं, आणि एकूण चार वर्षांनी कायमचा हक्क. सरकारच्या माहितीपत्रकात तर असंही छापलं होतं की स्कीममध्ये पुढे बदल झाले तरी आधी आलेल्यांना राहता येईल आणि चार वर्षांनी सेटलमेंटचा अर्ज करता येईल.

आले जानेवारीत आणि एप्रिलमध्ये चाराची पाच वर्षं झाली. बरं, एक वर्ष तर एक वर्ष. मग ७ नोव्हेंबर २००६. हाउन्सलोमध्ये एका घरात आम्ही पाच मराठी माणसं भाड्याने राहत होतो, त्या संध्याकाळी कुणीतरी ऑफिसातून प्रिंटआउट आणला आणि गॅसच्या बिलाच्या पाठीमागे आम्ही सगळे आपापले पॉइंट मांडत बसलो. नवीन नियम असा, की व्हिसा वाढवायला येणाऱ्यांनीसुद्धा पुन्हा पहिल्यापासून परीक्षा द्यायची, पास व्हायला ७५ पॉइंट, ते मुख्यतः पदवी, गेल्या वर्षाची कमाई आणि वय यावर. ज्या कामाच्या अनुभवावर आम्हाला आत घेतलं होतं त्याचे पॉइंटच काढून टाकले! माझं वय तेव्हा २९, म्हणून मी कशीबशी काठावर बसले. पण आमच्यातला एक जण सोलापूरचा, इलेक्ट्रिकल इंजिनियर, चौदा वर्षांचा अनुभव, वय ३६. वयाचे शून्य, अनुभवाचे शून्य, आणि वर्षभर जे मिळेल ते काम करत मिनीकॅब चालवत होता म्हणून कमाईचे जवळजवळ काहीच नाहीत. त्याने तीन वेळा बेरीज केली, मग पेन खिशाला लावलं आणि कुकर लावायला उठला. कुणी काही बोललं नाही. तो एप्रिल २००७ मध्ये परत गेला, त्याचा हॉकिन्सचा कुकर अजून माझ्याकडे आहे.

पत्ते वाटून झालेत, दोन हात खेळून झालेत, आणि आता वाटणारा म्हणतो हुकूम इस्पिक नाही, बदाम. असं गणपतीच्या मांडवात झालं तर पोरं मारामारी करतील.

प्रश्न : मॅडम, मी मिरजेजवळ शेती करतो. मुलगी २०२३ मध्ये लेस्टरला केअर होममध्ये गेली, त्यासाठी जमीन गहाण टाकून एजंटला पैसे दिले. पाच वर्षांनी पक्कं होईल असं सांगितलं होतं. आता ती म्हणते पंधरा वर्षं लागतील. असं मागच्या तारखेने करता येतं का? कोर्टात जाता येत नाही का?
– एक पालक, ता. मिरज

उत्तर : काका, मुलगी म्हणते ते खोटं नाही. पदवीच्या लेव्हलखालची म्हणून जी कामं धरतात त्यांच्यासाठी प्रस्तावात पंधरा वर्षंच आहेत. फेब्रुवारी २०२२ मध्ये याच देशाने केअर वर्करसाठी दार उघडलं, माणसं हवीत म्हणून, आणि जुलै २०२५ मध्ये बाहेरून नवीन भरती बंद केली. मधल्या काळात ज्यांनी म्हाताऱ्यांचे डायपर बदलले, रात्रपाळ्या केल्या, त्यांना आता सांगतायत की तुमचं काम 'स्किल्ड' मध्ये बसत नाही. एका माणसाला उचलून अंथरुणातून खुर्चीत बसवायला काय स्किल लागतं ते यांनी एकदा करून बघावं.

कोर्टाचं विचाराल तर जाता येतं, पण निकाल दोन्ही बाजूंचे आहेत, म्हणून दोन्ही सांगते.

आमच्या बाजूचा आधी. एचएसएमपीवाल्यांनी फोरम काढला, वर्गणी गोळा केली आणि हायकोर्टात गेले. त्याआधी ऑगस्ट २००७ मध्ये पार्लमेंटच्या मानवी हक्कांच्या संयुक्त समितीनेही हे बदल न्यायाच्या साध्या कल्पनेला धरून नाहीत असं स्पष्ट म्हटलं होतं. तरी सरकार हललं नाही. ८ एप्रिल २००८ ला न्यायमूर्ती सर जॉर्ज न्यूमन यांनी निकाल दिला, की जे आधीच स्कीममध्ये आलेत त्यांना मूळ अटींचा फायदा मिळायला हवा, तो नाकारायला सरकारकडे पुरेसं कारण नाही. त्याच महिन्यात भारतीय वंशाच्या डॉक्टरांची संघटना, बापिओ, हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सगळ्यात वरच्या कोर्टात, जिंकली. त्यांचं दुखणं असं होतं की एचएसएमपीवर आलेल्या परदेशी डॉक्टरांना ट्रेनिंगच्या जागांसाठी मागे ढकला अशी सूचना आरोग्य खात्याने हॉस्पिटलांना केली होती, ती बेकायदा ठरली. मग एप्रिल २००९ मध्ये चार की पाच वर्षं हा वादही हायकोर्टात आमच्या बाजूने लागला, आणि मला जानेवारी २०१० ला, चार वर्षं भरल्यावर आयएलआर मिळाला.

आता दुसरी बाजू. मे २००९ मध्येच हाउस ऑफ लॉर्ड्सने ओडेलोला नावाच्या नायजेरियन डॉक्टर बाईंची केस फेटाळली. त्यांनी अर्ज केला जानेवारी २००६ मध्ये, तेव्हाच्या नियमात त्या बसत होत्या. अर्ज टेबलावर पडून असताना एप्रिलमध्ये नियम बदलला, ब्रिटिश मेडिकल डिग्रीच हवी, आणि अर्ज नामंजूर. लॉर्ड्स म्हणाले, नियमांतच वेगळं लिहिलेलं नसेल तर ज्या दिवशी निर्णय होतो त्या दिवशीचा नियम लागतो, अर्जाच्या दिवशीचा नाही. म्हणूनच वर रीडिंगवालीला हजार पौंड वाचवू नकोस म्हटलं. एरवी बदल करताना 'अमुक तारखेआधीचे अर्ज जुन्या नियमाने' अशी ओळ घालतात, पण ती ओळ येईपर्यंत भरवसा नाही.

म्हणजे कोर्टाच्या भाषेत हे 'मागच्या तारखेने' नसतंच मुळी. ते म्हणतात, मागचा व्हिसा आम्ही कुठे काढून घेतला, आम्ही तर फक्त पुढच्या अर्जाची अट बदलली. कागदावर बरोबर आहे. पण तुमची जमीन तर मागच्याच तारखेला गहाण पडली ना! आम्ही २००८ ला जिंकलो ते माणसं बिचारी आहेत म्हणून नाही, सरकारने छापून दिलेला कागद होता म्हणून. तसा कागद तुमच्या मुलीच्या हातात आहे का, हा खरा प्रश्न आहे, आणि एजंटने फोनवर काय सांगितलं त्याला कोर्टात काडीची किंमत नाही. तिला म्हणावं स्पॉन्सरशिपचं सर्टिफिकेट, ऑफर लेटर, प्रत्येक महिन्याची पेस्लिप आणि एजंटला दिलेल्या पैशांच्या पावत्या, बँकेच्या नोंदी, सगळं एका फाइलमध्ये ठेव. आणि एजंट अजून पैसे मागत असेल, 'नवीन नियमातून काढून देतो' म्हणून, तर एक रुपया देऊ नका काका. नियमातून कुणी काढून देऊ शकत नाही.

प्रश्न : माझा मुलगा यूकेचा नाद सोडून आता कॅनडा किंवा ऑस्ट्रेलियाला अर्ज करायचं म्हणतोय. तिथे असं होत नाही ना?
– एक आई, नाशिक

उत्तर : झालंय हो. ऑस्ट्रेलियाने फेब्रुवारी २०१० मध्ये जाहीर केलं की १ सप्टेंबर २००७ च्या आधी देशाबाहेरून केलेले स्किल्ड मायग्रेशनचे साधारण २०,००० अर्ज रद्द, फी परत. कॅनडाने तर २०१२ मध्ये कायदाच केला, २७ फेब्रुवारी २००८ च्या आधीचे फेडरल स्किल्ड वर्करचे जे अर्ज तुंबले होते ते निकाल न देताच बंद. घरच्यांसकट २,८०,००० च्या आसपास माणसं त्यात होती. काही जण चार-पाच वर्षं रांगेत होते, त्यांचं तेव्हाचं वय, तेव्हाचे पॉइंट, सगळं शिळं झालं, आणि हातात काय तर फीचा चेक. कोर्टात गेले, हरले. म्हणून मुलाला सांगा, अर्ज जरूर कर, पण मंजुरी हातात पडेपर्यंत इकडची नोकरी सोडू नकोस. आणि फ्लॅट विकू नकोस हे मी कुठल्या अनुभवाने सांगतेय ते वर आलंच आहे.

प्रश्न : तुमचं सदर नेहमी वाचतो, पण एक विचारतो, राग मानू नका. त्यांचा देश, त्यांचे नियम. तुम्ही लोक पैशासाठी गेलात, आता नियम बदलले म्हणून गळा काढताय. पटत नसेल तर परत या. आम्ही ३४ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत इमानेइतबारे नोकरी केली, कुठे गेलो नाही.
– एक निवृत्त शिक्षक, सातारा

उत्तर : गुरुजी, राग कसला, असं तोंडावर बोलणारे कमीच राहिलेत. अर्धी गोष्ट मला मान्य आहे. कुणाला घ्यायचं, किती घ्यायचं हे ठरवायचा हक्क त्यांचाच, उद्यापासून एकालाही घेत नाही म्हणाले तरी आपण कोण बोलणार. पैशासाठी गेलो हेही खरं, तीर्थयात्रेला नव्हतोच गेलो.

पण तुम्ही शिक्षक होतात, म्हणजे पेन्शनचा घोळ तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. महाराष्ट्र सरकारने १ नोव्हेंबर २००५ ही रेघ मारली, त्यानंतर लागणाऱ्यांना जुनी पेन्शन नाही. कितीही संप झाले, मार्च २०२३ चा तर आठवडाभर चालला, पण रेघेच्या अलीकडे लागलेल्या तुमच्यासारख्यांची पेन्शन सरकारने काढून घेतली का? नाही. उलट ज्यांची जाहिरात रेघेच्या आधीची आणि नेमणूक नंतरची, त्यांचंही म्हणणं शेवटी २०२४ मध्ये मान्य झालं आणि त्यांना जुन्या पेन्शनचा पर्याय मिळाला. का, तर जाहिरात वाचून माणूस अर्ज करतो, तेव्हाच्या अटी बघून करतो. आम्ही ब्रिटनकडे एवढंच मागतोय. रेघ मारा, खुशाल मारा, पण आजच्या पुढे मारा. तुमच्या तिसाव्या वर्षी शिक्षणाधिकाऱ्यांनी बोलावून सांगितलं असतं की गुरुजी, पेन्शनला आता ४५ वर्षं सर्व्हिस लागते, आणि हो, तुमच्या विषयाला सूट नाही, गणितवाल्यांना आहे, तर तुम्ही 'त्यांचं सरकार, त्यांचे नियम' म्हणून गप घरी गेला असतात? मला नाही वाटत.

आणि गंमत बघा, २०१२ च्या बजेटमध्ये आपल्या सरकारने व्होडाफोनसारख्या जुन्या व्यवहारांवर मागच्या तारखेने टॅक्स लावायची तरतूद केली तेव्हा ब्रिटनच्या अर्थमंत्र्यांनी दिल्लीत येऊन काळजी व्यक्त केली होती, अशाने गुंतवणूकदारांचा विश्वास जातो म्हणून. बरोबरच बोलले ते, आपण २०२१ मध्ये तो कायदा मागेही घेतला. कंपनीने पैसे गुंतवले की विश्वासाचा प्रश्न होतो आणि माणसाने वयाची वर्षं गुंतवली की तो गळा काढतो, हे गणित मला अजून जमलेलं नाही.

'परत या' म्हणालात. आमचा सोलापूरकर आलाच होता. २००८ च्या निकालानंतर परत गेलेल्यांनाही पुन्हा यायची वाट मोकळी झाली, तेव्हा मी त्याला फोन केला, तर म्हणाला आता नको, नुकतीच कुठे नोकरी लागलीये. ती लागायला त्याला अकरा महिने गेले. मुलाखतीत म्हणे सगळीकडे एकच विचारायचे, वय जरा जास्त नाही का.